गेल्या चाळीस वर्षांतला सर्वांत महत्त्वाचा शोध कोणता? एका बॅटरीवाल्याचे उत्तर

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने मला दोन प्रश्न विचारले आहेत. गेल्या तीस-चाळीस वर्षांतला सर्वांत महत्त्वाचा शोध मी कोणता मानतो, हा पहिला; आणि यापुढे कशाकडे लक्ष ठेवावे, हा दुसरा. गेली एकतीस वर्षे मी नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत बॅटऱ्या दुरुस्त करण्याचा आणि जोडण्याचा व्यवसाय करतो, त्यामुळे माझे उत्तर ‘लिथियम-आयन सेल’, म्हणजे फोनपासून स्कूटरपर्यंत बसणाऱ्या, पुन्हा पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटरीचा घटक, असे येणार, याचा अंदाज त्याला असणारच. कुंभार मडक्याचेच कौतुक करणार, असे कोणी म्हटले तर ते मला मान्य आहे. परंतु धंद्याचा पक्षपात बाजूला ठेवूनही मी याच उत्तरावर येतो, आणि त्यामागची कारणे बहुतेक लोक समजतात त्यापेक्षा वेगळी आहेत.

इतर दावेदार काही कमी तोलाचे नाहीत. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संस्थेत मांडलेली वर्ल्ड वाइड वेबची कल्पना, कॅरी मुलिस यांना १९८३ मध्ये सुचलेली डीएनएच्या प्रती काढण्याची पीसीआर पद्धत, तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी ऐंशीच्या दशकात घडवलेली फ्लॅश मेमरी, आणि ज्याच्यामुळे पांढरा एलईडी दिवा शक्य झाला तो निळा एलईडी, यांपैकी प्रत्येकावर असेच दीर्घ उत्तर लिहिता येईल. मी मात्र कसोटी अशी लावतो की, एखादा शोध मधूनच काढून घेतला तर बाकीच्यांचे किती अडते. फ्लॅश मेमरी नसती तर फोनमध्ये फोटो कमी मावले असते. लिथियम-आयन सेल नसता तर खिशात मावणारा आणि दिवसभर चालणारा आजच्या तऱ्हेचा फोनच नसता. मोटोरोला कंपनीने १९८३ मध्ये विक्रीला आणलेला पहिला हातात धरायचा मोबाइल फोन सुमारे पाऊण किलोचा होता, तो चार्ज व्हायला दहा तास लागत आणि त्यावर अर्धा तास बोलता येई. त्यातील इलेक्ट्रॉनिक्स आपल्या काळाच्या पुढे होते. बॅटरी मात्र निकेल-कॅडमियमची, म्हणजे स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ मध्ये शोधलेल्या जातीची होती.

या व्यवसायात मी शिसे आणि ॲसिड यांच्या बाजूने शिरलो. गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये तयार केलेली ही बॅटरी मूळ स्वरूपात फारशी न बदलता आजही ट्रॅक्टरमध्ये, ट्रकमध्ये आणि घराघरांतील इन्व्हर्टरखाली बसलेली आहे. २००५ नंतर महाराष्ट्रात भारनियमन वाढत गेले आणि ग्रामीण भागात दिवसाचे बारा-बारा तास वीज नसे, त्या वर्षांत आमच्या कारखान्यात ट्यूब्युलर बॅटऱ्यांची रांग लागत असे. हायड्रोमीटरने ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडची घनता, बघायची, बाराशे चाळीस भरली तर ठीक, अकराशेच्या घरात असेल तर प्लेटांवर सल्फेट बसले असे समजायचे, डिस्टिल्ड वॉटर टाकायचे, टर्मिनलवरचा निळसर-पांढरा मळ गरम पाण्याने धुऊन पेट्रोलियम जेली लावायची, हा आमचा नित्यक्रम होता. दीडशे अँपिअर-तासांची एक भरलेली ट्यूब्युलर बॅटरी पन्नास ते साठ किलो भरते. ती जिन्याने तिसऱ्या मजल्यावर चढवणाऱ्या माणसाला ऊर्जेच्या घनतेची व्याख्या वेगळी शिकवावी लागत नाही.

शिसे जड आहे हे सर्वांना माहीत आहे, पण ते नेमके किती महाग पडते याचा हिशेब कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. एक अँपिअर-तास एवढा विद्युतभार द्यायला शिशाच्या बाजूचे ३.८७ ग्रॅम शिसे खर्ची पडते. लिथियमच्या बाबतीत तेवढ्याच भारासाठी ०.२६ ग्रॅम पुरते, म्हणजे जवळजवळ पंधरावा हिस्सा. शिवाय शिशाचा एक कप्पा दोन व्होल्ट देतो, तर लिथियम-आयनचा सेल सुमारे ३.६ व्होल्ट देतो. प्रत्यक्ष सेलमध्ये तांबे, ॲल्युमिनियम, डबा, द्रावण अशी बरीच भरती लागते, त्यामुळे कागदावरचा सगळा फायदा हाती येत नाही. तरीही शिशाच्या बॅटरीत किलोमागे तीस ते चाळीस वॉट-तास मिळतात आणि आजच्या चांगल्या लिथियम-आयन सेलमध्ये दोनशेच्या वर.

यातील व्होल्टेजचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण या सेलचा गुण आणि त्याचा दोष हे दोन्ही तिथूनच निघतात. पाणी सैद्धांतिकदृष्ट्या १.२३ व्होल्टलाच फुटू लागते. शिशाच्या पृष्ठभागावर वायू सुटण्याची क्रिया मंद असते म्हणून शिशाची बॅटरी पाण्यात राहूनही दोन व्होल्टपर्यंत मजल मारते, आणि चार्जिंगच्या शेवटी जे बुडबुडे दिसतात ते याच ओढाताणीचे असतात. साडेतीन-चार व्होल्ट हवे असतील तर पाण्याला रजा देण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून लिथियमच्या सेलमध्ये एथिलीन कार्बोनेटसारखी सेंद्रिय द्रावणे वापरतात, आणि ही द्रावणे पेट घेतात. म्हणजे ज्या निर्णयामुळे सेल हलका आणि जोरकस झाला, त्याच निर्णयामुळे तो ज्वालाग्राही झाला. पुढची सगळी कथा ही आग आवरण्याची आहे, आणि लिथियम-आयनचे मोठेपण मी साठवणीपेक्षा या आवरण्यात पाहतो.

सत्तरच्या दशकात एक्सॉन या तेल कंपनीने तेलाला पर्याय शोधण्यासाठी संशोधकांना मोकळीक दिली. तेथे स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी टायटॅनियम डायसल्फाइडच्या थरांमध्ये लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, आत-बाहेर करता येतात हे दाखवले. १९७६ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. हे आयन थरांचे नुकसान न करता शिरतात आणि निघतात, म्हणजे चिरोट्याच्या पदरांमध्ये पिठीसाखर भुरभुरावी आणि पदर न मोडता ती पुन्हा झटकून घ्यावी, तसे. पण दुसऱ्या बाजूला त्यांनी शुद्ध धातुरूप लिथियम ठेवले होते. चार्ज करताना धातू पुन्हा बसतो तो सपाट बसत नाही. त्याला सुईसारखे कोंब फुटतात, ते वाढत वाढत पलीकडच्या इलेक्ट्रोडला, म्हणजे सेलच्या दुसऱ्या ध्रुवाला, टेकतात आणि आतल्या आत शॉर्ट होते. त्या प्रयोगशाळेत इतक्या वेळा आगी लागल्या की, लिथियमची आग विझवायला लागणाऱ्या खास रसायनांचा खर्च तुमच्याकडून वसूल करू, अशी तंबी अग्निशमन दलाने दिली होती. पुढे तेल स्वस्त झाले आणि कंपनीचा उत्साह मावळला.

ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये सल्फाइडऐवजी ऑक्साइड घेतले. लिथियम कोबाल्ट ऑक्साइडने सेल चार व्होल्टपर्यंत गेला, आणि याहून मोलाची गोष्ट म्हणजे त्यात लिथियम आधीपासूनच होते. सेल जोडताना तो रिकामा असतो, कारखान्यात पहिल्यांदा चार्ज केल्यावरच भरतो. त्यामुळे दुसऱ्या बाजूला धातुरूप लिथियम ठेवण्याची सक्ती उरली नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठाला या शोधाचे पेटंट घेण्यात स्वारस्य नव्हते. गुडइनफ यांनी हक्क हारवेल येथील अणुऊर्जा संशोधन संस्थेला देऊन टाकले, आणि पुढे अब्जावधींचा झालेल्या या व्यवसायातून त्यांच्या वाट्याला काही आले नाही. नोबेल पारितोषिक मात्र २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, आले. ते नोबेल मिळवणारे सर्वांत वयस्कर मानकरी ठरले.

राहिलेली बाजू जपानच्या असाही कासेई कंपनीतील अकिरा योशिनो यांनी बसवली. त्यांनी धातूच्या जागी आधी एक वीजवाहक प्लॅस्टिक आणि नंतर पेट्रोलियम कोक, म्हणजे तेलशुद्धीतून उरणारा कार्बन, वापरून पाहिला आणि १९८५ मध्ये आजच्या घडणीचा पहिला सेल तयार केला. योशिनो यांची मला सर्वांत भावणारी गोष्ट त्यानंतरची आहे. स्फोटकांच्या चाचणीसाठी असलेल्या जागेत त्यांनी लोखंडाचा जड तुकडा सेलवर आदळवला. धातुरूप लिथियमच्या सेलने लगेच पेट घेतला, आणि त्यांचा कार्बनचा सेल नुसता चेपला. या सेलचा खरा जन्म आपण त्याच क्षणी मानतो, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. एखाद्या शोधाची जन्मवेळ तो कधी चालला यावरून न ठरवता तो कधी पेटला नाही यावरून ठरवणारा संशोधक माझ्यासारख्या दुरुस्तीवाल्याला फार जवळचा वाटतो.

एक अडचण तरीही होती. कार्बनच्या पृष्ठभागावर हे सेंद्रिय द्रावणदेखील टिकत नाही. पहिल्याच चार्जिंगला ते थोडे कुजते. सुदैव असे की, या कुजण्यातून कार्बनवर एक अतिसूक्ष्म थर जमतो, जो लिथियमच्या आयनांना जाऊ देतो पण इलेक्ट्रॉनांना अडवतो, आणि त्यामुळे पुढचे कुजणे थांबते. तापलेल्या दुधावर साय धरावी आणि तिनेच खालचे दूध झाकावे, तसा हा प्रकार आहे. साय चांगली धरली तर सेल हजार-दोन हजार वेळा चार्ज होतो. वाईट धरली तर सहा महिन्यांत त्याची क्षमता उतरते. ग्रॅफाइटवर ही साय नीट धरायला एथिलीन कार्बोनेटच लागते, त्याचाच सख्खा भाऊ शोभणारे प्रॉपिलीन कार्बोनेट एकटे चालत नाही, ते ग्रॅफाइटचे पदरच उलगडून टाकते. रेणूतल्या एका कार्बन अणूच्या फरकाने सगळे बिघडते. म्हणूनच कारखान्यात सेलचे पहिले चार्जिंग अत्यंत संथपणे, ठरावीक तापमानाला करतात, आणि स्वस्त सेल बनवणारे नेमकी याच पायरीवर वेळ वाचवतात.

१९९१ मध्ये सोनी कंपनीने हा सेल बाजारात आणला, आणि लवकरच तो हातातल्या व्हिडिओ कॅमेऱ्यात बसला. यात एक योगायोग दडलेला आहे, जो आमच्या पिढीतील कॅसेटवाल्यांना आवडेल. तांब्याच्या आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पन्न्यांवर काळा लेप एकसारख्या जाडीचा, वेगाने, मैलोन्‌मैल चढवणे हे या सेलच्या उत्पादनातील सर्वांत अवघड काम होते. सोनीकडे हे कसब तयार होते, कारण ऑडिओ आणि व्हिडिओ कॅसेटच्या फितीवर चुंबकीय लेप चढवण्याचा धंदा त्यांनी वर्षानुवर्षे केला होता, आणि सीडी आल्यामुळे ती यंत्रे मोकळी होऊ लागली होती. ज्या तंत्राने आपण गाणी ऐकली त्याच तंत्राने पुढे फोन चालू लागले.

त्या लेपाची कल्पना यावी म्हणून पूर्ण रिकामा केलेला एक सेल उघडल्यावर काय दिसते ते सांगतो. घरी हा उद्योग कोणीही करू नये. अठरा मिलिमीटर व्यासाचा आणि पासष्ट मिलिमीटर उंचीचा, ‘अठरा-सहाशे-पन्नास’ म्हणून ओळखला जाणारा पोलादी डबा कापला की नेलपॉलिशच्या जवळ जाणारा गोडसर वास येतो. आत एक घट्ट गुंडाळी असते. ती उलगडत गेले की हातभर लांबीची पट्टी निघते: काळा लेप दिलेली तांब्याची पन्नी, मग दुधी रंगाचा प्लॅस्टिकचा पापुद्रा, मग काळाच लेप दिलेली ॲल्युमिनियमची पन्नी, मग पुन्हा पापुद्रा. हा पापुद्रा साधारण वीस मायक्रॉन जाड असतो, म्हणजे एक मिलिमीटर जाडी व्हायला असे पन्नास पापुद्रे रचावे लागतील. त्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात, आणि तापमान १३० अंशांच्या आसपास गेले की तो वितळून ही छिद्रे स्वतःच बुजवतो, जेणेकरून आयनांची ये-जा बंद व्हावी. टोपणाखाली दाब वाढला तर जोडणी तोडणारी एक चकती असते. पंचेचाळीस ग्रॅमच्या या वस्तूत वीज साठवणारे भाग आणि वीज रोखणारे भाग जवळजवळ सारख्याच काळजीने बसवलेले असतात.

आता अडीच वर्षांपूर्वी आमच्याकडे आलेल्या एका स्कूटरच्या पॅकची, म्हणजे अनेक सेल जोडून केलेल्या बॅटरीची, गोष्ट सांगतो, कारण नव्या मुलांना मी हाच हिशेब आधी करायला लावतो. पॅक अठ्ठेचाळीस व्होल्टचा होता, म्हणजे सेलांचे तेरा गट मालिकेत, एकापुढे एक, जोडलेले. प्रत्येक गट ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो, तेव्हा चार्जर ५४.६ व्होल्टला थांबतो. मालकाची तक्रार एवढीच होती की, पूर्वी साठ किलोमीटर चालणारी गाडी आता पंचवीसवर बसते आणि पॅक फार गरम होतो. मीटरला पूर्ण पॅकचे व्होल्टेज ५४.६ आले, ज्याने आधी तपासले त्याने तेवढ्यावर ‘बॅटरी ठीक आहे’ असे सांगून टाकले होते. आम्ही गट सुटे मोजले तेव्हा सातव्या गटात ३ व्होल्ट निघाले. त्यातील एक सेल आतून गळत होता. मग उरलेल्या ५१.६ व्होल्टची वाटणी बारा गटांत झाली होती, म्हणजे प्रत्येकी ४.३. आजारी गट उपाशी होता आणि निरोगी बारा गट रोज रात्री अजीर्ण होईपर्यंत खात होते. अशा जादा भरलेल्या सेलमध्ये ग्रॅफाइटला आयन पोटात घेता येत नाहीत तेव्हा त्याच्या पृष्ठभागावर धातुरूप लिथियम बसू लागते. व्हिटिंगहॅम यांच्या प्रयोगशाळेत आगी लावणारा आणि योशिनो यांनी हाकलून दिलेला तोच धातू मागच्या दाराने पुन्हा घरात शिरतो.

प्रत्येक गटाचे व्होल्टेज सुटे मोजून एकही गट मर्यादेबाहेर गेला की चार्जिंग तोडणे, हे काम बीएमएस (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम) नावाच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक पाटीचे असते. या पॅकमध्ये ती होती, पण तिच्या मोजणाऱ्या तारांपैकी काही कोणीतरी आधीच्या दुरुस्तीत नुसत्या एकत्र पिळून ठेवल्या होत्या, जेणेकरून पॅक ‘चालू’ व्हावा. तो चालूही झाला होता. गाडी दोन जिन्यांमधल्या बोळात, रात्री चार्जिंगला लावून, घरातली सगळी माणसे झोपत असत. पॅक आम्ही परत दिला नाही. मालक नाराज झाले, पैशांवरून दोन शब्द झाले, पण मी तो दिला नाही.

मार्च २०२२ मध्ये पुण्यासह देशात अनेक ठिकाणी विजेच्या दुचाकींना आगी लागल्या, तेव्हा ‘लिथियमच धोक्याचे’ असा सूर निघाला. तो अर्धाच खरा आहे. त्यानंतर सरकारने बॅटरीसाठीच्या एआयएस-१५६ या मानकात सुधारणा केल्या आणि त्या डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या; एका सेलची आग शेजारच्या सेलांत पसरू नये आणि बीएमएसने नेमके काय सांभाळावे यावर त्यात भर आहे. कागदावर मानक चांगले आहे. माझी चिंता गल्लीत जोडल्या जाणाऱ्या पॅकची आहे, जिथे जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या सेलांना नवे रंगीत वेष्टन चढवून त्यावर ‘९९०० एमएएच’ (मिलिअँपिअर-तास) छापतात. या आकाराच्या डब्यात आजही साडेतीन हजारांच्या आसपासच मावते. त्यापुढचा आकडा दिसला की सेल वजनकाट्यावर ठेवावा; पुष्कळदा तो तीस ग्रॅमही भरत नाही.

ज्यांना रात्रीची झोप प्रिय आहे त्यांच्यासाठी याच कुळातील एक शांत स्वभावाचा भाऊ आहे, आणि त्याच्या जन्मात दोन भारतीय नावे आहेत ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. गुडइनफ पुढे टेक्सास विद्यापीठात गेले. तेथे अक्षय पाढी आणि किराकोडू नंजुंडस्वामी यांनी त्यांच्यासोबत लिथियम आयर्न फॉस्फेट हे द्रव्य मांडले; त्यांचा निबंध १९९७ चा आहे. यात कोबाल्ट नाही, निकेल नाही, लोखंड आणि फॉस्फरस आहे. फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन इतका घट्ट बांधलेला असतो की सेल तापला तरी तो सहजासहजी सुटत नाही, त्यामुळे आगीला आतून हवा मिळत नाही. सुरुवातीला हे द्रव्य वीज इतकी कमी वाहून नेत असे की ते निरुपयोगी ठरण्याची भीती होती. कणांवर कार्बनचा लेप देऊन तो प्रश्न सुटला. याचे व्होल्टेज कमी, ३.२ च्या आसपास, आणि वजन थोडे जास्त. घरातील इन्व्हर्टरला, रिक्षाला, सौरपंपाला वजनाचे एवढे कौतुक नसते, म्हणून मी गेली काही वर्षे गिऱ्हाइकाला डोळे मिटून फॉस्फेटच सुचवतो. १२.८ व्होल्ट आणि शंभर अँपिअर-तासांचा असा पॅक बारा-तेरा किलोंत बसतो, आणि शिशाच्या बॅटरीतून निम्मीच वीज काढावी असे आपण म्हणतो, तसे बंधन इथे पाळावे लागत नाही.

किमतीबद्दल एकच आकडा देतो. ब्लूमबर्गच्या ऊर्जा-अभ्यास विभागाच्या पाहणीनुसार २०१० मध्ये एका किलोवॉट-तासाच्या पॅकला हजार डॉलरहून अधिक पडत, ते २०२४ मध्ये ११५ डॉलरवर आले. यामागे कोणताही एक नवा शोध नाही. लेपाची जाडी, वाळवण्याचा वेळ, फुकट जाणारा माल, कारखान्याचा आकार, अशा शेकडो कंटाळवाण्या सुधारणांची ती बेरीज आहे.

फोन आणि गाड्या सर्वांना दिसतात, म्हणून मी एक साधे उदाहरण देतो. आमच्याकडे द्राक्षबागांच्या पट्ट्यातून पाठीवरचे फवारणी पंप दुरुस्तीला येतात. पूर्वी त्यांत बारा व्होल्ट आठ अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी असे, जिचे वजन अडीच किलोच्या आसपास. आता तेवढेच काम एक किलोपेक्षा कमी वजनात होते. सोळा लिटर औषधाच्या ओझ्यात दीड किलोची सूट म्हणजे काही फार नाही, असे बसून लिहिणाऱ्याला वाटेल. मे महिन्यात ओळीमागून ओळी फिरणाऱ्या माणसाला विचारावे.

या शोधाची काळी बाजू मी लपवत नाही. जगातील बहुतांश कोबाल्ट काँगोमधून येते आणि तेथील काही खाणींत लहान मुले राबतात, हे जगजाहीर आहे; फॉस्फेटचे सेल वाढण्यामागे हेही एक कारण आहे. मात्र फॉस्फेटचीच दुसरी अडचण भंगारात आहे. शिशाची मेलेली बॅटरी कधी रस्त्यावर पडलेली दिसत नाही, कारण भंगारवाला ती किलोच्या भावाने दारातून उचलतो. आपल्याकडील शिशाचा पुनर्वापर कायद्यापेक्षा या भावावरच चालतो, आणि तो बऱ्याचदा आरोग्याला घातक पद्धतीने चालतो. ज्या पॅकमध्ये कोबाल्टही नाही आणि निकेलही नाही, त्याला भाव कोण देणार? २०२२ मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नियम आले आणि परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली गेली. माझ्या गोदामात मात्र आजही चाळीसेक मेलेले पॅक पडून आहेत, आणि त्यांचे काय करायचे याचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही.

ज्यांच्या घरी असे पॅक आहेत त्यांनी निकेल-कोबाल्टचा पॅक रोज शंभर टक्के भरू नये, ऐंशीवर थांबवावा. फॉस्फेटचा पॅक मात्र पंधरवड्यातून एकदा पूर्ण भरावा, कारण त्याचे व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ बदलतच नाही आणि बीएमएसला किती भरले आहे याचा अंदाज टोकालाच येतो. उन्हात उभी राहिलेली गाडी आणल्या आणल्या चार्जिंगला लावू नये. फुगलेला सेल टाचणीने टोचून ‘हवा काढणाऱ्या’ माणसाकडे पुन्हा जाऊ नये.

आता दुसरा प्रश्न. मला विचाराल तर सोडियमकडे लक्ष ठेवा. मीठ कुठेही मिळते, आणि सेलची रचना तीच राहते: थर, आयन, पापुद्रा, साय. सोडियमचा अणू मोठा आणि जड असल्याने वजनाचा हिशेब लिथियमइतका उजवा येत नाही, आणि ग्रॅफाइटच्या पदरांत तो नीट मावत नाही म्हणून वेगळ्या घडणीचा कडक कार्बन लागतो. चीनच्या सीएटीएल कंपनीने २०२१ मध्ये असा सेल जाहीर केला. पुण्यात केपीआयटी कंपनीने आयसर या विज्ञान संशोधन संस्थेसोबत विकसित केलेले सोडियम-आयन तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये मांडले. माझे त्याकडे लक्ष लागण्याचे कारण मात्र किमतीपेक्षा वेगळे आहे. लिथियमचा सेल पूर्ण रिकामा करून ठेवला तर त्यातील तांब्याची पन्नी विरघळू लागते आणि पुढच्या चार्जिंगला तेच तांबे आत शॉर्ट करते. त्यामुळे तो नेहमी थोडा भरलेला, म्हणजे थोडा धोक्याचा, ठेवावा लागतो. सोडियमचा ॲल्युमिनियमशी मिश्रधातू होत नसल्याने दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम चालते, आणि सेल शून्य व्होल्टवर आणून, दोन्ही टोके एकमेकांना जोडून, निर्धास्त ठेवता येतो किंवा ट्रकमध्ये भरून पाठवता येतो. रात्री गोदामाला कुलूप लावताना ज्यांत अजिबात वीज नाही असे पाचशे सेल आत आहेत, हे मला अजून एकदाही म्हणता आलेले नाही.